दीव ते पोरबंदर, वरून आणि खालून

आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर. ते घरी आले आणि म्हणाले, गंगारामभाऊ, जन्मभर टुरिस्टची गाडी चालवलीत, काहीतरी लिहा. सून म्हणाली, बाबा तुम्ही सांगा, मी लिहून घेते. मी म्हटलं, काही गरज नाही. चौथीत शाळा सोडली, अक्षरं नाही सोडली. रस्त्यावरच्या पाट्या वाचत वाचतच इथवर आलोय. तेव्हा हे मी स्वतः लिहितोय. ऱ्हस्व-दीर्घ मास्तरांनी बघावं, बाकीला हात लावू नये.

आधी धंदा सांगतो. भाईंदरजवळ पेणकरपाड्यात घर, आणि गाडी उभी असायची बेव्हर्ली पार्कच्या नाक्यावर. पांढरी, सात सीटची, वर सामानाला कॅरियर. गाडी माझी स्वतःची, म्हणून शेठही मीच आणि ड्रायव्हरही मीच. लग्नं, देवदर्शनं, गावाला जाणं, अस्थी घेऊन जाणं, सगळं केलं. गिऱ्हाईक कुठलंही असो, गाडीत पाय ठेवायच्या आधी एकच विचारतं, किती वेळ लागेल?

याचं उत्तर तासांत द्यायचं नसतं. हे मी एकदाच चुकून शिकलो. एका साहेबांना शिर्डीला नेताना बोलून गेलो, सहा तास. घोटीच्या पुढे गेल्यावर त्यांच्या आजींच्या लक्षात आलं की कवळी हॉटेलच्या बेसिनवर राहिली. मागे फिरलो. कवळी सापडली, पण वेळ गेला. साहेब शिर्डीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. जशी काही कवळी मीच काढून ठेवली होती. त्या दिवसापासून मी तास सांगणं बंद केलं. सकाळचा चहा मनोरला, जेवण भरूचला, रात्रीची खिचडी महुव्याला, असं सांगायचं. पोटाचा हिशेब गिऱ्हाईकाला पटतो आणि तो चुकला तरी कोणी रागावत नाही.

दुसरा नियम, प्रवास दारापासून दारापर्यंत मोजायचा. ह्यावरून माझं आणि विमानाचं कधी पटलं नाही.

ही गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. तेव्हा विमानं स्वस्त व्हायला लागली होती. ज्यांना मी वर्षानुवर्षं काठियावाडात नेत होतो, ते नाक्यावर माझ्यासमोरून हात हलवत रिक्षाने विमानतळाकडे निघायला लागले. मला राग यायचा. खोटं कशाला सांगू, अजूनही थोडा येतो.

केबिन रोडला जयंतीभाईंचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. त्यांचे वडील होते तेव्हापासून माझं गिऱ्हाईक. माणूस भाईंदरमध्येच वाढलेला, मराठी आपल्यासारखं बोलणार. त्यांच्या बहिणीच्या मुलीचं लग्न पोरबंदरला ठरलं. मी नेहमीसारखा दुकानात गेलो, विचारलं, कधी निघायचं?

जयंतीभाई म्हणाले, "ह्या टायमाला विमानाने जातोय गंगारामभाई. मुंबईहून दीव, दीवहून पोरबंदर. दीवहून उडालं की अर्ध्या तासात पोरबंदर."

"कोण म्हणतं?"

"इंटरनेटवर लिहिलंय. वरून अंतरच एकशेसाठ-पासष्ट किलोमीटर."

"आणि खालून सव्वादोनशे," मी म्हटलं. "वेरावळला चहा, मांगरोळला भजी, की पोरबंदर. इंटरनेटने कधी भजी खाल्ली काय?"

"तुमची भजी खाऊन होतात तोवर मी मांडवात बसलेला असेन."

"हवेत अर्धा तास, कबूल. पण आधी विमानतळावर जाऊन बसता, पोलीस पट्टा काढायला लावतात, उतरल्यावर सामानाची वाट बघता, मग रिक्षावाल्याशी भांडता. ते कुठे धरलंत? आणि हे वाटेत दीवला थांबतं म्हणता. मग ती एसटीच झाली की, शेठ. पंखे लावलेली एसटी."

दुकानातली माणसं हसली. जयंतीभाईही हसले, पण हरायला तयार नाहीत. म्हणाले, "बघू, मांडवाच्या दारात कोण कोणाचं स्वागत करतं ते."

एवढ्यात मागच्या गादीवरून त्यांची आई बोलली. तिला सगळा केबिन रोड बा म्हणतो. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखरे, पण आवाज खणखणीत. मला पहिल्यापासून नावाने हाक मारणार आणि अरेतुरे करणार. तिचं मराठी तिचं स्वतःचं.

"मी विमानात नाय बसणार. खाली जमीन नाय, वर देव नाय, मधे कशाला लटकायचा? मी गंगारामच्या गाडीत जाणार. आनि पानेतर माझ्यासंगे येणार."

इथे पानेतर काय ते सांगायला हवं. त्यांच्यात नवरी मुलगी मांडवात बसते ती मामाने आणलेली साडी नेसून. पांढरी रेशमी, लाल काठाची. तिला पानेतर म्हणतात. बापाने हजार साड्या घेतलेल्या असोत, पानेतर मामाचंच लागतं. लग्नाच्या दिवशी मामा वाजतगाजत भेटी घेऊन येतो, त्याला मोसाळं म्हणतात, त्यात हे पानेतर मानाचं. शिवाय बाच्या घराण्याची आणखी एक रीत. पानेतर आधी कुलदेवीच्या पायाशी ठेवायचं, मगच मांडवात न्यायचं. आणि कुलदेवी कुठे, तर दीवच्या अलीकडे समुद्राजवळच्या एका गावात. विमानातून उतरून तिथे जायला जयंतीभाईंना सवड नव्हती.

म्हणून ठरलं असं. जयंतीभाई आणि घरची मंडळी लग्नाच्या दिवशी विमानाने. बा, पानेतर आणि मोसाळ्याचं जड सामान माझ्या गाडीत, एक दिवस आधी. देवीला जाऊन आम्ही दुपारी पोरबंदरला पोहोचायचं. मी मनातून खूश. माणसं विमानाने गेली तरी खरा माल माझ्याच गाडीत होता.

जाताना बा पुढच्या सीटवर बसली. मांडीवर लाल कापडात बांधलेलं पानेतर. सामान मागे ठेव म्हटलं तर म्हणाली, ही सामान नाय, ही नवरी आहे. सगळ्या रस्त्यात ते गाठोडं तिने खाली ठेवलं नाही. चहा पितानाही एका हाताने बशी धरायची. वाटेत मला तिच्या सासूच्या गोष्टी सांगितल्या. सासू इतकी कडक की तिच्या भीतीने दूध उतू जायचं नाही. मी इतका हसलो की भावनगरचा फाटा चुकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवीचं दर्शन झालं. पुजाऱ्याने पानेतरावर कुंकू वाहिलं. बाने देवीशी बराच वेळ गप्पा मारल्या, भांडली पण थोडी. आम्ही निघालो आणि दोन वळणं गेलो नाही तोच पायाखाली क्लच एकदम ढिला झाला. इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही. ज्यांना गाडी येत नाही त्यांच्यासाठी सांगतो, क्लच गेला म्हणजे घोडा दाणापाणी खाऊन तयार आहे, पण टांग्याला जोडलेलाच नाही.

माझ्या गाडीने तोवर मला रस्त्यात कधी सोडलं नव्हतं. सोडलं ते नेमकं त्या दिवशी.

गावातल्या पोरांनी धक्का मारत गॅरेजपर्यंत नेली. गॅरेजवाला खाली शिरला, बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "चाचा, प्लेट गयी. वेरावळ से मंगानी पडेगी. कल."

"कल नहीं चलेगा. आज शादी है."

"तो शादी कल कर लो," तो म्हणाला. चांगला माणूस होता, पण त्याला चेष्टेची वेळ कळत नव्हती.

दुसरी गाडी बघितली. लग्नसराई, एक मोकळी नाही. अखेर एक जीपवाला मिळाला. आता गुजरातेत दारूबंदी आणि दीवला सगळं मोकळं. त्यामुळे लांबून आलेला ड्रायव्हर दीवला जेवायच्या आधीच रंगात येतो. ह्या गृहस्थाला जीपची किल्ली स्वतःच्या खिशात सापडेना. मी ती काढून त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, जाऊन झोप. एसटी होती, पण ती पोहोचणार संध्याकाळी. मोसाळं दुपारी.

परत आलो तर बा एका जुन्या टायरवर बसलेली. गाठोडं मांडीवर. डोळे भरलेले.

"मुलगी मामाच्या पानेतराची वाट बघेल रे," ती म्हणाली. "लोक बोलतील, मामाने हात रिकामा पाठवला. जन्मभर बोलतील."

मी जयंतीभाईंना फोन लावायला मोबाईल काढला, तर बा म्हणाली, "नको. तो विमानात बसायच्या आधी रडेल आनि बसल्यावर तुला हसेल."

हे मात्र मला पटलं. फोन खिशात ठेवला.

जरा वेळाने बा म्हणाली, "गंगाराम, जयंतीचा विमान इथेच थांबतो ना?"

मी ऐकलंच नाही असं दाखवून टायरची हवा बघायला लागलो.

"तू बोलला ना दुकानात. एसटी आहे, थांबतो."

"थांबतं बा."

"मग?"

मग काय. गॅरेजवाल्याने त्याच्या मोटारसायकलला ओळखीच्या माणसाचा छकडा जोडला, मोसाळ्याचं सामान त्यात टाकलं, वर बाला बसवलं, आणि आम्ही दीवच्या विमानतळावर गेलो. छकड्यातून विमानतळावर उतरणारं गिऱ्हाईक तिथल्या शिपायाने पहिल्यांदाच पाहिलं असावं. त्याने सलाम करावा की अडवावं हे त्याला ठरवता येईना.

माझा विचार साधा होता. विमान येईल, जयंतीभाई आत असतील, त्यांच्या हातात पानेतर आणि सामान द्यायचं, आपण गाडीकडे परत. काउंटरवर एक मुलगी होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, पुढे जाणारे पॅसेंजर खाली उतरत नाहीत, आणि बाहेरची वस्तू आत देता येत नाही. नियम आहे.

"साडी आहे, बाई. बॉम्ब नाही."

"अंकल, वो शब्द यहाँ मत बोलिये," ती घाबरून म्हणाली. मागचा पोलीस माझ्याकडे बघायला लागला. मी दोन पावलं मागे झालो.

"सीट दो खाली हैं," ती हळूच म्हणाली. "आप लोग जाना चाहें तो."

बा म्हणाली, "गंगाराम, तू जा पानेतर घेऊन. मी इथे बसते."

"गिऱ्हाईक वाटेत सोडून मी कधी गेलो नाही. तुम्ही जा, बा."

"एकटी? मी? त्याच्यात?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे. दोघेही शब्दाला पक्के. भाईंदरच्या भर दुकानात बाने सांगितलेलं, विमानात बसणार नाही म्हणून, आणि मी विमानाला एसटी म्हटलेलं. आणि बाहेर विमानाचा आवाज यायला लागला होता. शेवटी बाने कमरेची पिशवी सोडली आणि काउंटरवर ठेवली.

"दोन," ती म्हणाली. "आनि ह्याला खिडकी द्या. ड्रायव्हर आहे, रस्ता बघायला लागतो."

ओळखपत्र मागितलं तर माझ्याकडे गाडीचं लायसन्स. तेच दिलं. मुलीने उलटंसुलटं बघितलं आणि चालेल म्हणाली. गाडीच्या लायसन्सवर विमानात बसलो हे मी आजही अभिमानाने सांगतो.

शिडी चढून बाला पुढे घालून आत शिरलो. तिसऱ्या-चौथ्या रांगेत जयंतीभाई पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला. बाला बघितलं. माझ्याकडे बघितलं. परत पेपर वर केला आणि परत खाली केला.

"बा? तू?"

बा उभ्या उभ्याच म्हणाली, "तुझा विमान थांबतो बोलला ना. हात दाखवून बसलो."

आख्खं विमान हसलं. जयंतीभाई माझ्याकडे वळले. "गंगारामभाई, पंखे लावलेली एसटी काय?"

"क्लच गेला, शेठ."

"विमानाचा?"

 तो दिवस त्यांचा होता. पण गाठोडं बघून त्यांना सगळं समजलं, आणि चेहरा बदलला. उठून त्यांनी आधी त्या लाल कापडाला हात लावून नमस्कार केला, मग आईचा हात धरून तिला सीटवर बसवलं. मला म्हणाले, "बसा. पट्टा मी लावून देतो." पट्टा मला लावता आला असता, पण मी लावू दिला.

आता खरं सांगतो, विमान धावायला लागलं तेव्हा माझा उजवा पाय ब्रेक शोधत होता. बाने माझं मनगट धरलं होतं, का मी तिचं, ते देवीला माहीत. पण मी कान इंजिनला लावून बसलो होतो. एकदाही गचका नाही. गिअर कुठे बदलला कळलंच नाही. मग जमीन खाली गेली.

आणि खिडकीतून मला माझा रस्ता दिसला.

एका बाजूला समुद्र, पांढरी फेसाची रेघ, आणि तिच्या आतून काळा दोरा पडावा तसा रस्ता. कोडिनारचं वळण दिसलं. वेरावळच्या बंदरातल्या होड्या, कोणी मुरमुरे सांडल्यासारख्या. ज्या रस्त्यावर मी पावसात चिखल काढला, उन्हात पंक्चर काढली, रुसलेल्या नवऱ्या पोहोचवल्या, तो सगळाच्या सगळा एका खिडकीत मावत होता. क्षणभर वाईट वाटलं. एवढासाच होता काय? मग वाटलं, असू दे. एवढासा दिसतोय म्हणून तर सुंदर दिसतोय. खालून चालवताना मी फक्त खड्डे बघितले होते.

मी बाला सगळं दाखवायला लागलो. ते बघा चहावाल्याचं गाव, ती बघा ती खाडी. बाने आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. मग माझ्या अंगावरून वाकून खिडकीलाच चिकटली. "गंगाराम, बकऱ्या दिसतात रे," ती म्हणाली. बकऱ्या दिसणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, दिसतात.

भज्यांचा विचार करतोय तोवर पोरबंदर आलं. अर्धा तास म्हणजे अर्धाच तास लागला, इथे इंटरनेट खोटं नव्हतं. उतरताना दारात पायलटसाहेब उभे होते. मी म्हटलं, "साहब, गाडी बहुत अच्छी चलायी."

"आप भी पायलट हैं?" ते हसून म्हणाले.

"हां. नीचे का."

सामानाची वाट बघितली, रिक्षावाल्याशी भांडलो, ते सगळं झालंच. मी जयंतीभाईंना तेव्हाच ऐकवलं, हे धरा आता. पण मोसाळं वेळेवर वाजत निघालं. भाची दारात उभी होती. बाने लाल गाठोडं तिच्या हातावर ठेवलं तेव्हा जयंतीभाईंची बहीण रडली, जयंतीभाई रडले, आणि मला नाकात काहीतरी गेलं. संध्याकाळी पोरगी ते पानेतर नेसून मांडवात बसली. देवीचं कुंकू काठाला लागलेलं तसंच होतं. मांडवाच्या दारात कोण कोणाचं स्वागत करतं हा प्रश्न राहूनच गेला, कारण दोघंही एकाच रिक्षातून उतरलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने गाडी आणायला गेलो. वरून अर्धा तास लागलेलं अंतर खालून आख्खा दिवस खाऊन बसलं. एसटी प्रत्येक गावात थांबली, एकदा तर एका म्हशीसाठी थांबली. प्लेट बसवली, गाडी घेऊन बाला न्यायला पोरबंदरला परत आलो. गाडी धुतली, पुढच्या सीटवर उशी ठेवली.

बा बाहेर आली. माझ्याकडे बघेना.

"गंगाराम," ती म्हणाली, "रागवू नको हां. मी वरून जाते."

जयंतीभाई पाठीमागे तोंड फिरवून हसत होते. माझं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक विमानाला मिळालं, आणि ते मीच मिळवून दिलं होतं. मी म्हटलं, "जा बा. गुडघ्यांना बरं."

"पण तू रस्त्यात उभा राह्यजे. मी खिडकीत बसणार. वरून बघते तुला."

मी रिकामी गाडी घेऊन निघालो. मागच्या सीटवर त्यांनी दिलेला सुखडीचा, म्हणजे गूळपापडीच्या वड्यांचा डबा, बाकी कोणी नाही. मांगरोळच्या पुढे एके ठिकाणी रस्ता समुद्राला लागून जातो. तिथे गाडी उभी केली आणि कॅरियरवर चढलो. एका गुराख्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, गिऱ्हाईक यायचंय. तो वर-खाली बघून निघून गेला.

विमान आलं. आवाज आधी, मग ढगांच्या कडेला चमचमता एक ठिपका. मी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि हात दुखेपर्यंत हलवला. ठिपका समुद्रावर गेला, विरला. त्या उंचीवरून मी मुंगीएवढासुद्धा दिसणार नव्हतो, हे मी स्वतः वरून पाहून आलो होतो. तरी हलवला. मग कॅरियरवर बसूनच सुखडी खाल्ली. इतकं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं.

भाईंदरला पोहोचून दोन दिवसांनी सुखडीचा रिकामा डबा द्यायला दुकानात गेलो. बा गादीवर, समोर चार गिऱ्हाइकं, आणि गोष्ट रंगात आलेली.

"आनि मी बघते तर काय, खाली रस्त्यावर गंगाराम. गाडीच्या टपावर उभा. लाल कपडा असा, असा हलवतो. अख्खा विमान मला विचारतो, बा, कोण आहे? मी बोलली, माझा ड्रायव्हर."

मग मला बघून म्हणाली, "आला बघा. विचारा त्याला. लाल होता ना रे?"

जयंतीभाई भांडी पुसता पुसता थांबले. माझ्या खांद्यावर टॉवेल होता, नेहमीचा, पांढरा.

"हो बा," मी म्हटलं, "लालच होता."

त्यानंतर अर्धा केबिन रोड विमानाने काठियावाडात जायला लागला. जाहिरात बाची. मला राहिलं त्यांना विमानतळावर नेऊन सोडणं आणि परत आणणं. तेही मी दारापासून दारापर्यंत केलं. आता गुडघे माझे दुखतात, गाडी मुलाने विकली, आणि बा पण आता राहिली नाही.

पण कधी कधी विचार येतो. त्या दुपारी त्या किनाऱ्यावर खरंच कोणीतरी लाल कपडा हलवत असेल. शेतातली पाखरं उडवणारा असेल, नाहीतर होडीवरचा कोणी. मी तिथे कमी पडलो होतो, त्याने बाला माझ्या वतीने हात केला. तो जो कोणी असेल, त्याला पेणकरपाड्याच्या गंगारामचा राम राम.